आधी पत्रा, मग कूलर

प्रश्न : सर, नमस्कार. एसटीतून निवृत्त झालो. घराला लागून गाडीसाठी बांधलेलं दहा बाय अठरा फुटांचं गॅरेज आहे. गाडी विकली आणि तिथे सुतारकाम सुरू केलं. छोटं टेबल सॉ, ड्रिल, ग्राइंडर आणि वडिलांचे जुने रंधे एवढी हत्यारं आहेत. भिंती विटांच्या, वर जीआय पत्रा (थोडा गंजलेला), शटर पश्चिमेला, उत्तरेला एक खिडकी. मार्च संपला की सकाळी अकरानंतर आत उभं राहवत नाही, डोकं भणभणतं. मुलगा म्हणतो, पत्र्याखाली थर्माकोल ठोकू आणि दीड टनाचा एसी लावू. खर्चाची तयारी आहे, पण पैसा वाया जायला नको. काय करावं?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नमस्कार. तुमचं डोकं भणभणतं ते हवेमुळे कमी आणि पत्र्यामुळे जास्त. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा लागतो त्याच सुमाराला, अकोल्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं छपरावर पडतं. उघड्या छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट. तुमचं छप्पर १८० चौरस फूट, म्हणजे १७ चौरस मीटरच्या आसपास. हिशेब केला तर १५ किलोवॅट ऊन झालं. गंजलेला पत्रा त्यातलं पाऊण तरी पिऊन घेतो. बरंचसं वारा वरच्या वर घेऊन जातो, पण उरलेलं खाली तुमच्या डोक्यावर येतं. दीड टनाचा एसी सगळं नीट असेल तेव्हा सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. त्या पत्र्याखाली, फटी असलेल्या शटरच्या आत तो दिवसभर धापा टाकेल, बिल येईल आणि डोकं तापायचं ते तापेलच.

आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवताना माझी सगळी उमेद पत्र्याच्या शेडखालीच गेली. मुलं बारा वाजता मलूल व्हायची ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, आधी ऊन वरच्या वर अडवा. थंडावा विकत घेण्याचं नंतर बघू.

पहिलं काम पत्रा पांढरा करणं. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे त्याच आराखड्यातून वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. त्यात न समजण्यासारखं काही नाही. पांढरा थर नवा असताना तीन चतुर्थांशाहून जास्त ऊन परत फेकतो. पण चुना लावू नका. स्लॅबवर चुना चालतो. पत्र्यावर मात्र त्याचे पोपडे निघतात, आणि ओला चुना पत्र्यावरच्या जस्ताच्या मुलाम्यालाही मानवत नाही. दुकानात छपरासाठीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक उष्णतारोधक रंग मिळतो. डब्यावर ‘एसआरआय’ नावाचा आकडा असतो, म्हणजे ऊन अंगाला न लावून घेण्याचं मोजमाप, तो शंभरच्या आसपास किंवा वर असलेला घ्या. आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड प्रायमर मारा, पत्रा धुऊन पूर्ण सुकू द्या, मग दोन हात द्या. हे काम सकाळी साडेनऊच्या आत उरका. तापल्या पत्र्यावर रंग लागल्या लागल्या सुकतो आणि नीट धरत नाही. पत्र्यावर चढताना फळी टाकूनच चढा, गंजलेला पत्रा माणसाचं वजन कधी सोडेल सांगता येत नाही. दरवर्षी फेब्रुवारीत छप्पर पाण्यानं धुवा, कारण अकोल्याची काळी धूळ बसली की पांढऱ्याचा गुण कमी होतो.

माझ्या शेडचा अर्धा पत्रा रंगवून झाला होता तेव्हा मे महिन्यात दुपारी दोन्ही भागांचं तापमान मोजलं होतं. न रंगवलेला भाग साठीच्या पुढे, रंगवलेला पन्नाशीच्या आत. खाली उभं राहिलं की हा फरक टाळूला कळतो, थर्मामीटर बघावा लागत नाही.

दुसरं, पत्र्यावर सावली. पत्र्यापासून फूटभर उंच बांबूचा किंवा पाइपचा सांगाडा करून त्यावर शेडनेट ताणा. जाळी पत्र्याला टेकता कामा नये, मधून वारा वाहिला पाहिजे. खेड्यात आपल्याकडे पत्र्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, नाही तर तुरीच्या तुराट्या पसरतात, त्यामागची अक्कल हीच. पण तुमच्याकडे ग्राइंडर आहे. वाळक्या पऱ्हाटीचा आणि ठिणगीचा शेजार नको. पावसाळ्याआधी जाळी उतरवून ठेवा, वादळात ती पत्र्यासकट उडते.

आता थर्माकोल. मुलाला माझ्याकडून प्रेमानं सांगा, नको. थर्माकोल उष्णता अडवतो हे खरं. पण ठिणगी पडली तर तो वितळत, थेंब थेंब पेटत खाली पडतो आणि काळा धूर करतो, आणि खाली तुमचा भुसा, थिनर, पॉलिश. बाहेर पडायचा रस्ता एकच आणि तो शटरचा. त्याऐवजी पत्र्याखाली दोन इंच जागा सोडून चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं इन्सुलेशन बांधा. फॉइलची चकाकी उष्णतेची किरणं खाली येऊ देत नाही, म्हणून ती जागा सोडणं महत्त्वाचं. पत्र्याला चिकटवून टाकलं तर फॉइल पत्र्याइतकीच तापते. फॉइल एकाच बाजूला असेल तर चकचकीत बाजू खाली करा. सुतारखान्यात भुसा उडून वरच्या बाजूवर बसतो आणि चकाकी झाकतो, खालची बाजू मात्र स्वच्छ राहते. घेताना आग पसरू न देणारं आहे का, हे विचारूनच घ्या. ग्राइंडर तिथून काढून बाहेर ओट्यावर, सावलीत नेलात तर उत्तम.

तिसरं शटर. पश्चिमेचं शटर म्हणजे तीन वाजल्यापासून उभा तवा. बाहेरून पांढरं रंगवा आणि समोर दीड-दोन फुटांवर बांबूचा चिक नाही तर शेडनेटचा पडदा सोडा. जागा असेल तर येत्या जूनमध्ये तिथे करंज किंवा कडुनिंब लावा. तो सावली द्यायला काही वर्षं घेईल, तोवर मांडवावर दोडका, कारली चढवा.

आणि हवा. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये पन्हाळीच्या ज्या फटी असतात त्या लोक उंदरासाठी, धुळीसाठी सिमेंटनं बुजवतात. तुम्ही बुजवल्या असतील तर फोडा आणि जाळी लावा. तापलेली हवा छताशी जमते, तिला तिथूनच बाहेर जाऊ द्यायचं. पूर्वेच्या भिंतीत शक्य तितका उंच १२ इंची एक्झॉस्ट बसवा. पहाटे साडेपाचला खिडकी आणि शटर उघडून तो लावला की रात्रीची थंड हवा आत भरते. नऊ वाजता शटर खाली ओढा. बाहेर लू वाहायला लागली की ती आत घ्यायचं कारण नाही.

एवढं झाल्यावर कूलर. आपल्या विदर्भाला एसीची घाई नसावी, आपली हवा कोरडी आहे. बाहेर ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी उडून हवा जास्तीत जास्त २३-२४ अंशांपर्यंत गार होऊ शकते. कूलरची ताटी, म्हणजे पाणी झिरपणारी बाजूची गादी, तिथवर पूर्ण पोचवत नाही, पण २८-२९ ची हवा तोंडावर येते. तुमच्या गॅरेजचं घनफळ काढा. सरासरी उंची नऊ फूट धरली तर १,६२० घनफूट. त्याचं निम्मं, म्हणजे मिनिटाला ८०० घनफूट हवा देणारा कूलर पुरे. नव्या कूलरवर हा आकडा तासाला घनमीटरमध्ये लिहितात, तिथे १,४०० च्या वरचा बघा. आपल्याकडे मिळणारा लोखंडी डेझर्ट कूलर यापेक्षा जास्तच हवा देतो. तो उत्तरेच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला, सावलीत बसवा, आणि समोरून हवा बाहेर जायला वाट ठेवा. शटर फूटभर वर किंवा एक्झॉस्ट चालू. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात हवा दमट होते आणि पाणी उडणंच थांबतं. ताटी वाळ्याची घ्या की लाकडी तुसाची की मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदाची, तिन्ही चालतात. वाळ्याचा वास मला सगळ्यात प्रिय. भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी लागेल, आणि अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही हे मला ठाऊक आहे. आरओचं फेकायचं पाणी वापरता येतं, पण त्यात क्षार जास्त. ताटीवर पांढरा थर धरेल, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डासांसाठीही ते गरजेचं आहे.

आता सुतारखान्यासाठी खास. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते. खिडकीशेजारची आर्द्रता ६५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि एवढ्या ओलीत लोखंडाला गंज चढू लागतो. वडिलांचे रंधे झोतात ठेवू नका. काम संपलं की पात्याला आणि टेबल सॉच्या लोखंडी पाटाला पातळ तेलाचा हात फिरवा. लाकडाचंही तेच. बाहेरच्या कोरड्या हवेत आकसलेली सागवानी फळी कूलरसमोर दोन दिवस ठेवली की फुगते. तुम्ही जोड बसवता, कूलर बंद होतो, आणि जोड उघडतो. लाकूड घरात आतल्या खोलीत ठेवा, लागेल तेवढंच बाहेर आणा. मेमध्ये केलेल्या ड्रॉवरला उंचीत थोडी जादा सूट द्या. आज चपखल बसलेला ड्रॉवर जुलैत अडकतो, आणि गिऱ्हाईक लाकडाला दोष देतं.

फेव्हिकॉल उन्हाळ्यात फार लवकर सुकतो. दोन्ही फळ्यांना लावून शिकंजा आवळेपर्यंत साय धरलेली असते. मोठा जोड असेल तर पहाटे करा. लॅकर पॉलिश मात्र कूलर बंद ठेवून करा. ओल्या हवेत ते पांढुरकं, धुरकट होतं आणि पुन्हा घासावं लागतं. थिनर, लॅकर, रबरी सोल्यूशन गॅरेजमध्ये ठेवूच नका. ते साध्या तापमानालाही पेटू शकणारी वाफ सोडतात, चाळिशीत तर विचारू नका. आणि जवसाच्या तेलानं पॉलिश करत असाल तर त्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना स्वतः गरम होतं, आणि बोळ्यात ती उष्णता साठून चिंधी आपोआप पेटते. एक एक चिंधी दोरीवर पसरून वाळवा, नाही तर पाण्यात बुडवून ठेवा.

मोटारींचा विचार क्वचितच कुणी करतो. बहुतेक मोटारी भोवतालचं तापमान ४० अंश धरून बनवलेल्या असतात. दुपारी ४३-४४ मध्ये, तेही व्होल्टेज पडलेलं असताना जाड साग फाडायला घेतला, तर वायंडिंग जळायला वेळ लागत नाही. मोटारीच्या जाळीतला भुसा रोज हवेनं उडवा, आणि फाडकाम सकाळीच करा.

राहिली तुमची तब्येत, आणि ती मला हत्यारांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पहाटे साडेपाच ते दहा काम करा. यंत्राचा आवाज शेजाऱ्यांना नको असेल तर पहाटे हाताचं काम, रंधा, आखणी, जोड घासणं, आणि सातनंतर यंत्र. पत्र्याचं एक चांगलं असतं, सूर्य कलला की तो पटकन निवतो. संध्याकाळी साडेसातनंतर पुन्हा दोन तास मिळतात. स्लॅबच्या गॅरेजला ही सवलत नसते, तो दुपारचं ऊन रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहतो. दर वीस मिनिटांनी पाणी, मध्ये ताक नाही तर मीठ घातलेलं पन्हं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, तापून लाल झालेली कातडी यांतलं काही दिसलं तर काम तिथेच सोडायचं. अशा माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. घरात कुणाला तरी सांगूनच गॅरेजमध्ये जात जा.

एवढं करून एक उन्हाळा काढा. त्यानंतरही एसी हवासा वाटला तर तेव्हा एक टनाचाही पुरेल. त्याच्या जाळीतला भुसा मात्र दर आठवड्याला काढावा लागेल.

प्रश्न : तुमचं ऐकून कूलर घेतला. घरामागच्या शेडमध्ये दुचाकी दुरुस्त करतो. कूलर लावला की हात चिकट होतात, गार काही वाटत नाही. कंपनीनं फसवलं का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : कूलर ठीक आहे, पनवेलची हवा त्याला साथ देत नाही. तुमच्याकडे मेमध्ये ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असते. त्या हवेत पाणी उडून ती फार तर २८-२९ पर्यंत उतरते, तेही ताटी उत्तम असेल तर. वर घामही सुकत नाही. तोच कूलर जळगावच्या भावाला द्या, तो दुवा देईल. कोकणात वारा हाच उपाय. छप्पर पांढरं करा, पत्र्याखाली फॉइल लावा, आणि समोरासमोर दोन मोठी तोंडं उघडून एका बाजूला दणकट एक्झॉस्ट बसवा. बसायच्या जागी एक स्टँडचा पंखा थेट अंगावर. तुमच्याकडे हवा बहुतेक दिवस चाळिशीच्या खाली असते, म्हणून पंखा उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की तापमान ४० अंशांच्या खाली असेल तरच पंखा वापरावा, त्यावर गेलं की तो अंग तापवतो. इंजिन चालू करून बघायचं असेल तेव्हा गाडी शेडच्या बाहेर काढा. गरमीपेक्षाही धुरासाठी.

प्रश्न : कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी उन्हाळ्यात चार्जच होत नाही, चार्जरचा लाल दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी गेली का?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : बहुधा नाही. लिथियम बॅटरी साधारण ४० अंशांच्या वर चार्ज करायची नसते, चार्जर तिला वाचवतोय. घरात आणा, सावलीत तासभर निवू द्या आणि मग लावा. ओल्या फडक्यात गुंडाळू नका, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. फुगलेली दिसली तर वापर बंद.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा गॅरेजमध्ये वेल्डिंगचं काम करतो. तिथल्या लोखंडी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. तो म्हणतो, चप्पल घातली की काही होत नाही. मला रात्री झोप येत नाही.
— एक आई, वर्धा

उत्तर : ताई, तुमची काळजी शंभर टक्के बरोबर आहे. हे पत्र मिळालं त्याच दिवशी कूलरचा प्लग काढून ठेवायला सांगा. झिणझिण्या म्हणजे करंट कूलरच्या पत्र्यात उतरलाय, आणि ओली फरशी, घामानं भिजलेलं अंग असलं की तोच करंट जीव घेतो. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं, लहान मुलं जातात. चपलेवर भरवसा ठेवू नका.

परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. कूलरच्या बॉडीला अर्थिंगची तार जोडलेली आहे का, आणि ती तार खऱ्या अर्थिंगपर्यंत जाते का, हे तपासायचं. पुष्कळ घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थच नसतो. पाण्याच्या पंपाची वायर आणि मोटारीची वायर कुठे सोलली आहे ते शोधून ती पूर्ण बदलायची, टेप गुंडाळायची नाही. आणि गॅरेजच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायची. करंट गळायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. बटण दाबल्यावर वीज गेली नाही तर ती बदलायची. वेल्डिंग मशीनची लाइन कूलरच्या बोर्डावरून घेतली असेल तर ती वेगळी करून घ्या, आणि मशीनचं अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या.

कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, प्लग काढायचा. घरातल्या लहान मुलांना कूलरजवळ जाऊ द्यायचं नाही. वायरमन येऊन काम होईपर्यंत तो कूलर लावू नका, मग कितीही उकडलं तरी. तेवढे दिवस मुलानं वेल्डिंग पहाटे करावं, आणि दुपारी घरी जेवून झोप काढावी.